पक्षातीत, म्हणजे कोणाच्या बाजूने?

मे २०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा अभिप्रायांसाठी खुला झाला, तेव्हा एका शैक्षणिक विश्वस्त संस्थेचे पत्र आम्हां तिघांच्या हाती पडले. आम्ही तिघेही महाविद्यालयांत मराठी शिकवतो. शालेय धोरणांशी आमचा संबंध एवढाच की, त्या धोरणांतून घडलेली (वा न घडलेली) मुले पुढे आमच्या वर्गात येऊन बसतात. पत्रात संस्थेने आम्हांस 'मानद सल्लागार' होण्याची विनंती केली होती. मानधन नव्हते, त्याची अपेक्षाही नव्हती. अट एकच होती आणि ती ठळक अक्षरांत छापली होती : सल्ला पूर्णतः पक्षातीत असावा. आम्ही आनंदाने होकार कळवला. मुदत थोड्या दिवसांची होती, म्हणून उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बाजूला सारले, रात्री जागवल्या आणि भाषाशिक्षणाविषयी चौदा पानांचे टिपण पाठवून दिले. संस्थेने शासनाला धाडलेल्या निवेदनात त्यातले दीड पान उरले होते. शेवटी आमची तिघांची नावे मात्र होती, पदव्यांसह.

काटछाटीबद्दल आमची तक्रार नाही. चौदा पानांत चार पाने पाल्हाळ असणार, हे मराठीच्या प्राध्यापकांना ठाऊक नसेल तर कोणाला असेल? तक्रार आहे ती गाळलेल्या एका वाक्याबद्दल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये लहान मुलांना शक्यतो घरच्या भाषेतून शिकवण्याचे आश्वासन आहे. दुसरीकडे २०२३ पासून आपल्या राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा उभारण्याची भाषा चालू आहे. कमी पटाच्या या शाळा प्रायः वाड्यांवर आणि पाड्यांवर आहेत. तिथल्या मुलांची घरची भाषा वारली आहे, भिली आहे, गोंडी आहे, किंवा प्रमाण मराठीपासून चार कोस लांबची मराठी आहे. आम्ही लिहिले होते की, पाड्यावरची शाळा उचलून दूर नेणे आणि मुलाला घरच्या भाषेतून शिकवणे, ही दोन आश्वासने एकाच वेळी पाळता येणार नाहीत; शासनाने कोणते मोडायचे ते उघडपणे सांगावे. हे वाक्य नाहीसे झाले. आम्ही दूरध्वनी केला. संस्थेच्या कार्यवाहांनी अत्यंत सौजन्याने उत्तर दिले, "सर, वाक्य बरोबरच आहे हो. पण तो मुद्दा आता विरोधकांनी उचललाय. आपण पक्षातीत राहायला हवं ना?"

गेली दोन वर्षे हे उत्तर आमच्या मनातून जात नाही. विरोधी पक्षाने एखादी गोष्ट उच्चारली की ती आपल्याला वर्ज्य. उद्या सत्ताधाऱ्यांनी तीच उच्चारली तर कदाचित पुन्हा पवित्र. म्हणजे काय बोलायचे हे ठरवणार पक्षच, आणि आम्ही त्यांनी सोडलेल्या उष्ट्यावर पक्षातीत राहणार. यास पक्षांपासून मुक्ती म्हणत नाहीत. ही पक्षांची अहोरात्र सेवाच आहे, तीही बिनपगारी.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना शब्दांचा कंटाळा नसतो, म्हणून या शब्दापाशी जरा थांबतो. 'पक्ष' हा आपल्या भाषेतला फार जुना आणि फार कामसू शब्द आहे. तो पाखराचा पंख आहे, महिन्याचा पंधरवडा आहे, वरपक्ष आणि वधूपक्ष आहे, आणि वादातली बाजू आहे. निवडणूक लढवणारी संघटना हा त्याचा अगदी अलीकडचा अर्थ. शास्त्रीय चर्चेत पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडल्यावाचून पुढे जाता येत नाही आणि आपला पक्ष सिद्ध केल्यावाचून उठता येत नाही. न्यायदर्शनाने वाद, जल्प आणि वितंडा असे कथेचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतली वितंडा कोणती? ज्यात बोलणारा स्वतःचा पक्ष स्थापनच करत नाही, ती. मराठीत 'वितंडवाद' म्हणजे आपण नुसते भांडण समजतो. पण मुळात ज्याला स्वतःची बाजू नाही तो वितंडा करणारा. निवेदनाच्या शेवटी आमची नावे छापली गेली ती या अर्थाने अगदी योग्य सदरात, असे आता वाटते.

आमच्या समजुतीप्रमाणे राजकीय पक्षाशी बांधील नसणे ही एक गोष्ट आणि प्रश्नावर बाजू नसणे ही सर्वस्वी दुसरी. पहिली शैक्षणिक विश्वस्त संस्थेच्या दृष्टीने आवश्यकच आहे. अशा संस्थेला करसवलत मिळते, ती सर्वांच्या खिशातून येते. तेव्हा तिने कोणा उमेदवाराचा प्रचार करू नये, यात वाद नाही. परंतु दुसरी गोष्ट कायदाही मागत नाही. परदेशी देणग्यांच्या नियमनाचा २०१० चा कायदा राजकीय पक्षांना आणि राजकीय स्वरूपाच्या संघटनांना असे पैसे घेऊ देत नाही. त्याखालच्या २०११ च्या नियमांत बंद, हरताळ, रास्ता रोको अशा मार्गांनी सार्वजनिक प्रश्न लढवणाऱ्या संघटनांनाही राजकीय ठरवण्याची तरतूद होती. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तरतुदीचा अर्थ आकुंचित केला : संघटनेचा सक्रिय पक्षीय राजकारणाशी संबंध असेल तरच ती लागू, केवळ सार्वजनिक प्रश्नावर आवाज उठवला म्हणून नव्हे. रस्त्यावर उतरणाऱ्यांना जिथे न्यायालयाने संरक्षण दिले, तिथे टिपणातले एक वाक्य गाळण्यासाठी कायद्याची ढाल पुढे करणे म्हणजे पाऊस नसताना घोंगडी पांघरणे होय.

मग भीती कशाची? हा पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण तो क्षुल्लक नाही. कार्यवाहांनी तो पुढे एका संध्याकाळी आमच्यापुढे मांडलाच. संस्थेची वसतिगृहे आहेत, शाळांत जाऊन काम करण्याची परवानगी दरवर्षी शिक्षणाधिकाऱ्यांकडून घ्यावी लागते, देणगीदार कंपन्यांना वर्तमानपत्रात नाव आलेले चालत नाही. तुम्ही मंडळी टिपण लिहून घरी जाता. परवानगी नाकारली गेली तर उन्हाळी वर्ग बंद पडतात आणि मुलांना ते कोणी समजावून सांगायचे? शांतपणे, दाराआड, चार अधिकाऱ्यांना पटवून जे होते ते जाहीर बोलून होत नाही. हा युक्तिवाद करणारा माणूस भित्रा नव्हता. वीस वर्षे त्याने त्या मुलांसाठी घालवली आहेत. आमच्यापैकी कोणी तेवढी घालवलेली नाहीत.

या युक्तिवादाची कसोटी पाहायला हवी ती होशंगाबादेत. आज तो जिल्हा नर्मदापुरम या नावाने ओळखला जातो. १९७२ साली तिथे किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन स्वयंसेवी संस्थांनी मध्य प्रदेश शासनाच्या परवानगीने सोळा सरकारी माध्यमिक शाळांत विज्ञानशिक्षणाचा एक प्रयोग आरंभला. 'खासगी' नव्हे, सरकारी शाळांत, हे ध्यानात घ्यावे. मुलांनी सूत्रे पाठ करण्याऐवजी हाताने प्रयोग करावेत, निरीक्षणे लिहावीत, वाद घालावा, असा तो सरळ विचार. त्यास लागणारे ज्ञान या दोन छोट्या संस्थांपाशी नव्हते. ते आणले स्वयंसेवक सल्लागारांनी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले, दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ आणि प्राध्यापक सुट्ट्या घेऊन येत, उन्हाळ्याच्या तलखीत शिक्षकांच्या शिबिरांत राबत. पुण्याच्या टेल्कोत अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ साली वर्षभराची रजा काढून तिथे गेले. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून उभी राहणारी त्यांची खेळणी त्याच काळातली. पुढे पुण्यातल्या आयुकात त्यांनी जे केले ते मराठी वाचकांस सांगायला नको.

या सल्लागारांच्या बाबतीत आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी गोष्ट. त्यांचा सल्ला तिथेच, त्यांच्या डोळ्यांदेखत, खोटा ठरू शकत होता. दिल्लीच्या प्राध्यापकाने सुचवलेला प्रयोग पिपरियाच्या शाळेत फसला, तर तिथला शिक्षक शिबिरात उठून तसे सांगे. शिक्षकांच्या मासिक बैठका होत; त्यांतल्या अनुभवांवरून 'बाल वैज्ञानिक' ही पुस्तके पुन्हा पुन्हा लिहिली गेली. परीक्षाही बदलली : पुस्तक उघडे ठेवून उत्तरे लिहायची आणि प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवायचा. मुलांना प्रश्न विचारता यावेत म्हणून 'सवालीराम' नावाचे एक काल्पनिक पात्र निर्माण केले. मुले त्याला पत्रे लिहीत आणि त्यांना उत्तरे जात. (आमच्यातल्या एकाचे मत असे की, विसाव्या शतकातल्या भारतीय भाषांमधील यशस्वी काल्पनिक पात्रांत सवालीरामची गणना व्हावी. विषयांतर झाले, पण मत चुकीचे नाही.)

१९७८ मध्ये हा कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात पसरला. १९८२ साली भोपाळात 'एकलव्य' ही संस्था स्थापन झाली, तिने पुढचा भार उचलला आणि इतर जिल्ह्यांतल्या शाळांतही तो नेला. आता राज्यकर्त्यांचा हिशेब पाहा. प्रयोग सुरू झाला तेव्हा मध्य प्रदेशात काँग्रेसचे शासन होते. जिल्हाभर विस्तार झाला जनता पक्षाच्या काळात. पुन्हा काँग्रेस आली, १९९० मध्ये भारतीय जनता पक्ष आला, १९९३ मध्ये दिग्विजय सिंह यांची काँग्रेस आली. कार्यक्रम चालूच राहिला. दाराआडच्या शांत सल्लामसलतीचे याहून उत्तम उदाहरण भारतात क्वचितच सापडेल. तीस वर्षे प्रत्येक पक्षाशी बोलायचे, कोणाचाही झेंडा खांद्यावर घ्यायचा नाही, सरकारी यंत्रणेच्या आत राहून काम करायचे. आमच्या कार्यवाहांना नेमके हेच हवे होते.

आणि २००२ साली तो कार्यक्रम बंद झाला. भारतीय जनता पक्षाच्या स्थानिक आमदाराने त्याविरुद्ध मोहीम चालवली, जिल्ह्याच्या नियोजन समितीने बंद करण्याचा ठराव केला आणि काँग्रेसच्या सरकारने तो अमलात आणला. होशंगाबादची मुले राज्यातल्या इतर मुलांहून वेगळे पुस्तक शिकतात, म्हणून पुढे दहावीत मागे पडतात, असा आक्षेप होता. देशभरच्या शास्त्रज्ञांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी निषेधाची पत्रे लिहिली. उपयोग झाला नाही. एकलव्यचे प्राथमिक शिक्षणाचे आणि सामाजिक शास्त्रांचे शाळांतले कार्यक्रमही त्याबरोबरच गेले. कार्यक्रम पक्षातीत होता हे खरे, आणि त्याचा शेवटही सर्वपक्षीय झाला.

यावरून कोणी म्हणेल, पाहा, कोणत्या तरी पक्षाचा हात धरायला हवा होता. आम्ही तसे म्हणत नाही. आमचे अनुमान वेगळे आहे, आणि ते अनुमानच आहे. त्या तीस वर्षांत सल्ल्याचे धागे शास्त्रज्ञ, शिक्षक आणि अधिकारी यांच्यात विणले गेले. पालक त्यात फारसे नव्हते. आपल्या मुलाने पुस्तक उघडे ठेवून परीक्षा दिली यात काय मिळवले, हे ज्या शेतकऱ्याला कोणी सांगितले नव्हते, त्याला दहावीच्या गुणांची भीती घालणे सोपे गेले. जाहीर बाजू घेण्याचे, गावात सभा घेऊन विरोधकांशी वाद घालण्याचे काम कोणाचेच नव्हते, कारण जाहीर वाद म्हणजे राजकारण असे सर्वांनी धरले होते. एकलव्य त्यानंतरही टिकली, 'चकमक' आणि 'संदर्भ' निघत राहिले, पुण्याहून निघालेले 'शैक्षणिक संदर्भ' त्याच प्रेरणेतले. पण सरकारी शाळेच्या वर्गातली ती जागा परत मिळाली नाही.

याच मंडळींतून पुढे एक वाद उभा राहिला, तो आमच्या मुद्द्यास अधिक जवळचा. एकलव्यच्या संस्थापकांपैकी विनोद रैना यांनी शिक्षणहक्क कायद्याच्या घडणीत मोठा वाटा उचलला. तो कायदा २००९ मध्ये झाला. किशोर भारतीचे संस्थापक अनिल सद्गोपाल यांनी त्याच कायद्यावर जाहीर आणि कठोर टीका केली : हा कायदा समान शाळेचे तत्त्व सोडून देतो, विषमतेलाच कायदेशीर करतो, असे त्यांचे म्हणणे. एकाच भट्टीतून निघालेली दोन माणसे. दोघेही निवडणुकीच्या राजकारणातले नव्हेत, दोघेही सल्ल्याचे पैसे मोजणारे नव्हेत. पण दोघांनाही ठाम बाजू होती आणि ती दोघांनी स्वतःच्या नावाने, उघड, लिहून मांडली. वाचकाला दोन्ही वाचून ठरवता येते. आम्हांस अभिप्रेत असलेले पक्षातीत सल्लागार असे असतात. कोण बरोबर होते यावर आम्हां तिघांतही एकमत नाही.

आता त्या 'मानद' शब्दाकडे येऊ. महाराष्ट्रात हा शब्द उच्चारला की जे. पी. नाईकांचे नाव येणारच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या खेड्यात जन्मलेला, गारगोटीस मौनी विद्यापीठ उभारणारा हा माणूस केंद्रीय शिक्षण मंत्रालयात दरमहा एक रुपया घेऊन सल्लागार होता आणि १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाचा सदस्य-सचिव होता. त्या एक रुपयाच्या गोष्टीवर आपल्याकडे गौरवाची भाषणे बरीच होतात. तो रुपया कशासाठी होता, हे क्वचित सांगितले जाते. नाईक संपूर्ण वेळ तिथे होते. फायली त्यांच्या हातांतून जात, आयोगाचा अहवाल त्यांच्या परिश्रमाने उभा राहिला. आणि पुढे त्यांनीच त्या आयोगाच्या शिफारशींचे काय झाले, कोणत्या स्वीकारल्या, कोणत्या पातळ केल्या, कोणत्या गुंडाळल्या, याचा झाडा देणारे पुस्तक लिहिले. शेजारशाळेची, समान शाळेची शिफारस गुंडाळलेल्यांत होती. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करण्याची गोष्ट १९६८ च्या धोरणात आली, आणि २०२० च्या धोरणातही तोच सहाचा आकडा उद्दिष्ट म्हणूनच उभा आहे. रुपया घेणाऱ्याला हे लिहिता आले, कारण त्याच्या हिशेबाची वही त्याच्याच हातात होती.

आजच्या मानद सल्लागाराच्या हाती कोणती वही आहे? त्याला बैठकीचे इतिवृत्त मिळत नाही. मसुद्याचा शेवटचा पाठ तो छापून आल्यावर वाचतो. तो विनामूल्य का हवा असतो, याचे कारणही नेहमी उदात्त नसते. २०२० च्या दुरुस्तीने परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्च करण्याची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली गेली. देशी कंपन्यांचा सामाजिक दायित्वाचा निधी मिळतो तो प्रायः मोजून दाखवता येणाऱ्या कामाला. इतके वर्ग, इतकी दप्तरे, इतक्या टॅब. बसून विचार करणाऱ्या माणसाला पगार कोणत्या सदरात दाखवायचा? तेव्हा विचार स्वयंसेवकांवर सोपवला जातो. यात संस्थांचा दोष थोडा आहे, हे आम्ही मान्य करतो. पण फुकट मिळालेला विचार फुकटच्या भावानेच वापरला जातो, हेही आम्ही अनुभवाने मान्य केले आहे.

स्वयंसेवकांचा आणखी एक मोठा वापर आपल्या देशात होतो, आणि तो अधिक गौरवास्पद आहे. 'प्रथम' या मुंबईत सुरू झालेल्या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून 'असर' हे ग्रामीण पाहणीचे अहवाल निघतात. हजारो स्वयंसेवक घरोघरी जाऊन मुलांपुढे दुसरीच्या पातळीचा छोटा उतारा ठेवतात आणि मूल तो वाचते का, हे नोंदवतात. पाचवीतल्या किती मुलांना तो वाचता आला नाही हा आकडा केंद्रात कोणाचेही सरकार असो, त्याला अडचणीचाच ठरला आहे. हे खरे पक्षातीत काम. आमचा आक्षेप आहे तो याच्या पुढच्या पायरीवर. तो उतारा कोणत्या मराठीत असावा, पाड्यावरच्या मुलीला तो अडतो तो अक्षर न आल्यामुळे की शब्द परका असल्यामुळे, हे दारात उभा राहिलेला स्वयंसेवक पाहतो. ते विचारण्याची जागा त्याच्या तक्त्यात नसते. भाषेच्या अभ्यासकांनी, म्हणजे तुम्हीआम्ही, तिथे हस्तक्षेप करायला हवा होता. आपण त्या काळात चर्चासत्रांत प्रबंध वाचत होतो. आम्हीही.

पक्षाविना बाजू कशी घ्यावी याचा धडा मराठीत १८८२ मध्येच लिहून झाला आहे. हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा फुल्यांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये आपले निवेदन दिले. आयोगाचे सदस्य म्हणून मुंबईतून काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. फुले निवेदन देणारे एक नागरिक होते. त्यांना कोणी मानद वगैरे नेमले नव्हते. काँग्रेस स्थापन व्हायला तीन वर्षे अवकाश होता, म्हणजे आजच्या अर्थाने पक्ष नव्हतेच. फुल्यांहून अधिक 'पक्षातीत' होणे कालदृष्ट्या अशक्य. आणि ते निवेदन पाहिले तर त्यात बाजू पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे. सरकारी तिजोरी भरते रयतेच्या घामाने, आणि तो पैसा खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा मुद्दा. प्राथमिक शिक्षण ठरावीक वयापर्यंत सक्तीचे करा, शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्या, त्यांना बरा पगार द्या, अशा नेमक्या मागण्या. यातले एखादे वाक्य 'वादग्रस्त' म्हणून गाळायला कार्यवाह उपलब्ध नव्हते, हे आपले भाग्यच म्हणायचे.

कोणी म्हणेल, तो काळ निराळा होता. तर मग अगदी अलीकडचे घ्या. १६ एप्रिल २०२५ रोजी राज्य शासनाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून अनिवार्य केली. शासनाचीच भाषा सल्लागार समिती आहे. तिचे अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख यांनी चार दिवसांत मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून कळवले की, समितीला विचारलेलेच नाही आणि निर्णय मागे घ्यावा. सल्ला देण्यासाठीच नेमलेल्या समितीला आपला सल्ला जाहीरपणे, न मागता, पत्राने द्यावा लागला. १७ जूनला शब्द बदलून नवा आदेश निघाला, विरोध वाढला, समितीने जूनअखेरीस पुण्यात ठराव केला. त्या सुमारास विरोधी पक्षांनीही मोर्चाची घोषणा केली होती. आमच्या कार्यवाहांचा नियम लावायचा तर देशमुखांनी त्या दिवशी गप्प बसायला हवे होते, कारण मुद्दा 'विरोधकांनी उचलला' होता. ते गप्प बसले नाहीत. २९ जूनला शासनाने दोन्ही आदेश मागे घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली नवी समिती जाहीर केली. आदेश मोर्चाच्या धाकाने मागे गेले की समितीच्या ठरावाने, यावर वाद घालणारे घालोत. आमच्या मते मोर्चाचा वाटा मोठा होता. पण समितीचे पत्र नोंदीत आहे. उद्या कोणी विचारले की, भाषेच्या जाणकारांनी तेव्हा काय सांगितले होते, तर दाखवायला कागद आहे.

'सल्ला' आणि 'मसलत' हे दोन शब्द आपण जोडीने वापरतो. बखरींत मसलत म्हणजे बेत, कट, मोहिमेची गुप्त आखणी. शिक्षणसंस्थांच्या बैठकीत सल्ला आमच्याकडे मागतात आणि मसलत आतल्या खोलीत होते. आमचे म्हणणे एवढेच की, शिक्षणाच्या बाबतीत मसलत नको, नुसता सल्ला पुरे, आणि तो चारचौघांत. संस्थेने शासनाला जे द्यायचे ते द्यावे. शब्द मवाळ करावेत, परवानग्या सांभाळाव्यात. पण सल्लागाराचा मूळ मजकूर त्याच्या नावाने, जशाच्या तसा, कोणालाही पाहता येईल असा ठेवावा. तो न पटल्यास संस्थेने खाली लिहावे की, आम्हांस हे मान्य नाही. सल्लागार एखाद्या पक्षाचा सभासद असेल तर त्याने तेही लिहावे. लपवलेल्या तटस्थतेपेक्षा सांगितलेली बांधिलकी वाचकास सोयीची पडते. आणि अंतिम पाठ वाचल्यावर आपले नाव काढून घेण्याचा अधिकार त्याला असावा. यांतल्या एकाही गोष्टीला खर्च नाही.

दोष आमच्याकडेही आहे, तो लपवत नाही. 'सल्लागार मंडळ' या शीर्षकाखाली आपले नाव पाहून सुखावणारी जात प्राध्यापकांची आहे. पदोन्नतीच्या तक्त्यात सामाजिक कार्याच्या रकान्यात ते लिहिता येते. त्या दीड पानाच्या निवेदनाची छायाप्रत आमच्यापैकी एकाने, हे सर्व समजल्यानंतरही, आपल्या वार्षिक अहवालास जोडली होती. त्याने हे वाक्य इथे लिहिण्यास संमती दिली आहे, किंबहुना आग्रह धरला आहे.

आम्ही नावे काढून घ्यावीत असे पत्र जुलै २०२४ मध्ये संस्थेस लिहिले. निवेदन आधीच गेले असल्याने आता काही करता येणार नाही, असे उत्तर आले. चौदा पानांचे टिपण, पाल्हाळासह, आम्ही मागेल त्याला देत असतो. आतापर्यंत बारा जणांनी मागितले, त्यांतले पाच जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवणारे शिक्षक, आणि त्यांपैकी एकीने आमच्या भिलीविषयीच्या परिच्छेदातल्या दोन चुका दाखवून दिल्या. त्या दुरुस्त केल्या आहेत. गेल्या महिन्यात त्याच संस्थेचे नवे निमंत्रण आले. पत्र तेच, ठळक अक्षरे तीच. आम्ही वरच्या अटी लिहून कळवल्या आणि त्या शिक्षिकेस चौथी सल्लागार म्हणून घ्यावे, तिच्या प्रवासखर्चासह, अशी विनंती जोडली. कार्यवाहांचा दूरध्वनी आला होता. बाईंचे नाव त्यांनी दोनदा विचारून लिहून घेतले. अटींविषयी विश्वस्तांशी बोलून कळवतो, म्हणाले.